शंभरचा आकडा

बापाने दोन्ही तळव्यांत बाळाचं डोकं घट्ट धरलं. नर्सने साखरेच्या पाण्याचा थेंब बाळाच्या जिभेवर सोडला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तारेच्या चिमुकल्या चिमट्याने पापणी उघडी ठेवली आणि कपाळावरच्या दिव्याचा झोत आत टाकला. बाळ किंचाळलं. बापाचे हात हलले नाहीत. इतकी वर्षं कारखान्यात लेथ यंत्रावर काढलेली. धरायचं म्हणजे धरायचं, एवढं त्याला येत होतं.

"शाब्बास, पहिलवान," नर्स म्हणाली. सातव्या महिन्यातच घाई करून आलेल्या या मूठभर जिवाला अख्खा विभाग पहिलवान म्हणत असे.

डॉक्टरांनी दिवा विझवला.

"डोळ्याच्या आतल्या पडद्यावर नको तशा रक्तवाहिन्या वाढल्यात. आजच लेझर करू. नजर वाचावी म्हणूनच करतोय, पण खात्री देत नाही."

"कशामुळे झालं?"

"जन्म लवकर, वजन कमी, मध्ये जंतुसंसर्गही झाला. ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त गेला तरी होतं, म्हणून तर सिस्टर तो मोजूनमापून देतात. एकाच गोष्टीवर बोट नाही ठेवता येत."

बापाला काहीच वाटलं नाही. बाहेर येऊन त्याने हात धुतले, तर पाणी गार आहे की कोमट तेही कळेना.

यंत्रांची भाषा आपल्याला कळते, असा त्याचा मोठा समज. बाळाजवळच्या यंत्रावर रक्तातल्या ऑक्सिजनचे ब्याण्णव टक्के दिसले की त्याचा जीव खालीवर व्हायचा. शंभर का नाहीत? नर्स हात आखडता घेते, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. ती पलीकडच्या बाळाकडे वळली की हा ऑक्सिजनचं बटण हळूच पुढे फिरवी. शंभर झाले की याच्या जिवात जीव येई. नर्स परतली की बटण मागे घेई आणि आपणच विसरलो असं समजून स्वतःवर चिडे. असं बरेचदा झालं होतं.

बायको बाहेर बाकावर बसली होती. त्याने लेझरचं सांगितलं. ती रडली नाही.

"लवकर झाला म्हणून ना? म्हणजे मीच कमी पडले."

मूग गिळून बसणं फार सोपं होतं. तो उभाच राहिला.

"तसं नाही. ऑक्सिजन मी वाढवायचो. सिस्टरची पाठ वळली की."

ती समोरच्या भिंतीकडे बघतच म्हणाली,

"माहितीय. बाळाला छातीशी घेऊन डोळे मिटून पडायचे ना मी. झोप कुठली लागतेय!"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? शंभर झाले की मलाही बरं वाटायचं." तिचा आवाज सपाट होता. "तू कामावर असायचास, तेव्हा मीच फिरवायचे."

आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, मग थांबलं. ती थोडी सरकली आणि तो तिच्या शेजारी बसला.