साहेबांनंतर कोण?

मित्रांनो, तुमच्या पी.टी.च्या सरांच्या गळ्यात शिट्टी असते ना, तीच माझी जात. अंग पितळेचं, पोटात बुचाची गोळी. चिंचपोकळीच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला आणि पुढची दोन वर्षं मी ठाकूरद्वारच्या खेळाच्या दुकानात काचेमागे धूळ खात पडले. एखाद्या शाळेत जावं, मुलांना रांगेत उभं करावं, एवढीच माझी इच्छा होती.

मला विकत घेतलं शिवाजी पार्कच्या ऋताने. तिचा मोठा भाऊ यतीन नुकताच फौजेत लेफ्टनंट झाला होता आणि त्याचा आवाज होता अगदी बारीक. "दादा, ओरडून घसा बसला की ही वाजव," असं म्हणून तिने मला त्याच्या गळ्यात अडकवलं. तो हसला. तेव्हापासून आंघोळीखेरीज त्याने मला उतरवलं नाही.

वर्षभराने आम्ही बर्फाच्या डोंगरात लढाईवर गेलो. तिथली थंडी तुम्हाला कशी सांगू? पितळ ओठांना चिकटायचं आणि सोडवताना कातडी निघायची. यतीनसाहेबांची एक सवय होती. रोज संध्याकाळी ते जवानांना गोळा करायचे आणि पाढे म्हणून घ्यावेत तसं विचारायचे.

"मी पडलो तर?"

"सुभेदारसाहेब!" सगळे म्हणायचे. या वयस्कर सुभेदारांना पाठीमागे सगळे अण्णा म्हणत.

"ते पडले तर?"

"नाईक शिवा!" हवालदार पाय गारठून आधीच इस्पितळात गेला होता, म्हणून शिवाचा नंबर वर आला होता.

शिवा लालबागचा, घरचे मूळचे मालवणकडचे. त्याला हे मुळीच आवडत नसे. "साहेब, असा अभद्र बोलू नये."

"अभद्र कसलं? हजेरी आहे ही," साहेब म्हणायचे. "आणि पडलेल्यापाशी कोणी थांबायचं नाही. चौकी हातात आली की मग मागे या."

एका धुक्याच्या सकाळी आम्ही चढाई केली. माझी एक लांब हाक म्हणजे पडून राहा, दोन आखूड म्हणजे पुढे चला. पहिल्याच चढावर साहेबांच्या पोटात गोळी लागली. अण्णांनी त्यांच्या गळ्यातली दोरी कापली, मला तोंडात धरलं आणि दोन आखूड हाका दिल्या. माणसं उठली आणि पुढे गेली. तासाभराने अण्णाही पडले, आणि एक शब्द न बोलता गेले. मग शिवाने मला घेतलं.

तुम्हाला वाटेल, तो रडला असेल, चवताळला असेल. मित्रांनो, तसं काही झालं नाही. त्याच्या बुटाची नाडी सुटली होती, ती त्याने नीट बांधली. माणसं मोजली. अकरा होती. मग त्याने मला ओठांना लावलं आणि दोन आखूड हाका दिल्या. मलाही काही वाटलं नाही. मी वाजले, एवढंच.

दुपारी चौकी हातात आली. शिवा मागे उतरला, तेव्हा साहेब गार पडले होते.

पुढे शिवाचं फार कौतुक झालं. लालबागच्या मंडळाने मंचावर बोलावून शाल घातली. मी मात्र त्याच्या खोलीत, औषधांच्या डब्यात, खोकल्याच्या गोळ्यांच्या शेजारी येऊन पडले. एकदा त्याच्या लेकीने, सहा वर्षांच्या श्रेयाने, मी सापडताच माझ्यात फुंकर मारली. शिवाने उभ्या आयुष्यात तेवढा एकदाच तिच्यावर हात उगारला.

मला परत द्यायला तो तीनदा शिवाजी पार्कला गेला. सकाळी फिरणाऱ्यांबरोबर मैदानाला एक फेरी मारायचा आणि घरी यायचा. ऋताच्या घरचा जिना चढायचं त्याचं धाडस होत नसे. अशी सव्वीस वर्षं गेली. मी हिरवी पडले.

गेल्या महिन्यात ऋता स्वतःच दारात उभी राहिली. केस पांढरे झाले होते. तिची आई वारली होती आणि अण्णांच्या पत्नीकडून तिने पत्ता मिळवला होता. शिवाने डबा उघडून मला तिच्या हातावर ठेवलं.

"तो जागच्या जागी गेला ना? फौजेच्या पत्रात तसं लिहिलं होतं," ऋता म्हणाली.

शिवाच्या बायकोने, रमाबाईंनी, त्याच्याकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर तो सुटला असता.

"नाय ताई," तो म्हणाला. "शुद्धीवर होते. पाणी मागत होते."

"मग जवळ कोण होतं?"

"कोण नव्हता. पुढे कोण, ता आमका पाठ होता. त्यांच्यापाशी कोण, ता कोणी ठरवलाच नव्हता. मी त्यांना ओलांडून गेलो, ताई. रडू पण आला नाय. अजून नाय आला."

"मलाही नाही," ऋता म्हणाली. "आईला सांभाळायचं होतं."

रमाबाईंनी न विचारता दोन मुठी तांदूळ जास्त धुतले. ऋता जेवली. मला रुमालात गुंडाळून ती निघाली, तेव्हा शिवा तिच्यामागे दारापर्यंत गेला. सव्वीस वर्षं अडकलेली एकच शंका त्याच्या तोंडून निघाली.

"मी ओलांडताना त्यांनी माझ्याकडे बघितला. मान अशी हलवली. मी समजलो, जा म्हणतायत. पण तसा नसला तर? थांब म्हणत असले तर?"

मला ते दिसलं नव्हतं. मी तेव्हा अण्णांच्या तोंडात होते. शिवाला सांगायला माझ्यापाशी काहीच नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

"कशी हलवली? दाखवा," ऋता म्हणाली.

शिवाने हनुवटी जराशी वर करून एका बाजूला झटकली.

"तो 'जा'च म्हणाला," ऋता म्हणाली. "दादर स्टेशनवर दरवेळी आम्हाला असंच घालवायचा. गाडी सुटेपर्यंत कधी थांबू दिलं नाही त्याने. आई चिडायची."

शिवा उंबऱ्यावरच बसला. रमाबाई धावत आल्या, "अवो, काय झाला?"

"काय नाय गो," तो म्हणाला. "पाय बधिर झाले." आणि तो रडायला लागला.

मित्रांनो, आता मी शिवाजी पार्कला ऋताच्या टेबलावर असते. माझी काळजी करू नका; चिंच लावून घासलं की पितळ पुन्हा उजळतं. पण तुमच्या चाळीत, तुमच्या इमारतीत असा एखादा गप्प माणूस असेल. त्याला शाल घालून लगेच घरी जाऊ नका. त्याच्याजवळ बसा, आणि तो बोलेपर्यंत उठू नका.