थांबणारं माणूस

सुताराची बायको जाऊन वर्ष व्हायला आलं होतं, तरी स्वयंपाकघरातलं जुनं कॅलेंडर कोणी काढलं नव्हतं. त्यावर एका बेटाचं चित्र होतं. पांढरं दीपगृह, खाली दगडी पायऱ्या आणि पायरीवर झोपलेली मांजर. फेरीबोटीने तीन बेटं करायची, त्यातलं हे शेवटचं, सगळ्यात लांबचं.

"पहिल्या दोन बेटांवर तुम्हाला काय बघायचं ते बघा," बायको म्हणायची, "मी तिसऱ्यावर पायरीवर बसून चहा पिणार."

ते राहूनच गेलं. मग एक दिवस सासूबाई आल्या, कॅलेंडरसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तिच्या वाटणीचा चहा मी पिईन. तुम्ही बोटीचं बघा."

बोटीचं अवघड नव्हतं. घोडं अडलं होतं ते शहरात. बोट सकाळी लवकर सुटायची, म्हणजे आदल्या रात्री धक्क्याजवळ मुक्काम आलाच, आणि धक्क्याजवळच्या खोल्या म्हणजे खिशाला भोक. खोली महाग पडली की तिसरं बेट गळणार, हा हिशेब दोघांनाही तोंडपाठ झाला होता.

सुताराच्या मुलाने फोनवर लगेच खोली शोधून दिली. सासूबाईंनी फोन लांब धरून पाहिला.

"ह्यात भाव कोणाशी करायचा?"

"आजी, ह्यात भाव करत नाहीत. पैसे भरायचे, खोली मिळते."

"न बघता? न भांडता?"

"तेच म्हणतो मी," सुतार म्हणाला. सासू-जावयाचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालेलं पाहून मुलगा जरा घाबरला आणि फोन घेऊन बाहेर गेला.

बेत ठरला. दुपारीच पोचायचं, कारण संध्याकाळी दमलेलं गिऱ्हाईक लांबून ओळखू येतं. पिशवी एकेकच. धक्क्यासमोरच्या रस्त्यावर पाऊल ठेवायचं नाही. "तिथं खिडकीतून समुद्र दिसतो, म्हणजे समुद्राचेही पैसे लावतात," सासूबाई म्हणाल्या. "मागच्या गल्लीत जायचं. समुद्र दुसऱ्या दिवशी आहेच की."

"आणि भावाचं माझ्याकडे लागलं," दोघंही एकदमच म्हणाले. तिथेच खरं तर शंका यायला हवी होती.

मागच्या गल्लीतल्या पहिल्या लॉजवर मालक पेपर वाचत होता. त्याने दर सांगितला. सुताराने खोलीच्या दारावर टिचकी मारली, नाक मुरडलं आणि म्हणाला, "राहू दे. चला." तो ताडताड बाहेर पडला. वळून बघायचं नसतं, म्हणून बघितलं नाही. कोपऱ्यापर्यंत गेला, हाकेची वाट पाहत पान-टपरीवरच्या पाट्या वाचत उभा राहिला. शेजारी कोणीतरी धापा टाकत होतं. सासूबाई.

"तुम्ही इथे कशा?"

"मी पण निघून आले. तुम्ही कशाला निघालात? निघायचं काम माझं असतं!"

"अहो आई, निघून जायचं काम माझं. कायमचं."

दोघांनी मागे पाहिलं. मालक पुन्हा पेपरात घुसला होता.

दुसऱ्या लॉजवर ठरवून गेले. सुतार निघणार, सासूबाई थांबणार. मालकाने दराचा आकडा उच्चारायला तोंड उघडलं मात्र, सासूबाई उठल्या आणि "काही गरज नाही!" म्हणून सुताराच्याही आधी रस्त्यावर. सवयच तशी. पाय ऐकतच नव्हते.

मग दोघं एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. ऊन उतरायला लागलं होतं. सासूबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आधी स्वतः प्यायल्या.

"तुमच्या वेळी मागे कोण थांबायचं?" सुताराने विचारलं.

"ती. एवढीशी होती. मी दुकानातून निघाले की ती तिथेच उभी राहायची, दुकानदाराकडे बघत. मी कोपऱ्यावर पोचते न पोचते तोच हाक यायची, 'बाई, या, या, घेऊन जा.' तुमच्या वेळी?"

"तीच."

जन्मभर दोघं रागारागाने निघून जात होते, आणि ती थांबत होती. आणि खरोखरचं निघायची वेळ आली तेव्हा तीच पुढे झाली.

"ती काय सांगायची हो मागे?" सुतार म्हणाला.

"मला काय ठाऊक! मी बाहेर असायचे."

"मीही बाहेरच."

गल्लीत आता एकच लॉज उरला होता. त्यानंतर समोरचा रस्ता, समुद्र आणि तिसऱ्या बेटावर पाणी. सुतार उठला.

"आई, तुम्ही निघा. झकास निघा. मी थांबतो."

"जमेल?"

"बघू."

शेवटच्या लॉजवर एक बाई मटार सोलत बसली होती. तिने दर सांगितला. सासूबाईंनी जागच्या जागी असा काही चेहरा केला की बाईच्या हातातला मटार निसटला. "लुटा म्हणावं! लुटा!" असं भिंतीला सांगून त्या बाहेर पडल्या. पिशवीसुद्धा विसरल्या, इतक्या रंगात आल्या होत्या.

सुतार उभा राहिला. त्याला दरवाजाकडे ओढ लागली होती. त्याने टेबलाची कड धरून ठेवली.

"त्यांना... डोक्याचा जरा त्रास आहे," तो म्हणाला.

"सासू का?"

"हो."

"सगळ्यांच्याच सासूला असतो." बाई मटार सोलत राहिली. "पुढे?"

पुढे काहीच नव्हतं. सुताराच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "खरं सांगू का? हे थांबायचं काम बायकोचं होतं. ती आता नाही. ती मागे थांबून काय बोलायची, ते मी कधी ऐकलंच नाही. मी कोपऱ्यावर असायचो."

बाईचा हात थांबला. "काय बोलणार? मी रोज ऐकते. इथे थांबणारी प्रत्येक बाई तेच सांगते."

"काय?"

"'माणूस चांगला आहे हो, हट्टी आहे फक्त. थोडं कमी करा, नाहीतर रात्रभर मलाच ऐकून घ्यावं लागेल.'"

सुतार खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मग वळून म्हणाला, "मग माझंही तेच. बाई चांगली आहे. हट्टी आहे फक्त. आणि रात्रभर मलाच ऐकायचंय."

बाई हसली. तिने दर इतका उतरवला की सुताराने पुन्हा विचारून घेतला. अट एकच: खोली गच्चीवरची आणि पाण्याच्या टाकीचा आवाज सहन करायचा.

तो दारात जाऊन ओरडला, "आई! या, या!"

सासूबाई कोपऱ्यावर पाठमोऱ्या उभ्या होत्या. दुसऱ्या हाकेशिवाय वळल्या नाहीत. नियम तो नियम.

"माझ्याबद्दल काय सांगितलंत?" जिना चढताना त्यांनी विचारलं.

"डोक्याचा त्रास आहे म्हणालो."

"तेवढ्याने कमी केलं?"

"नाही. नंतर ती लॉजवाली तुमच्या मुलीचं वाक्य बोलली."

कोणतं, हे सासूबाईंनी विचारलं, आणि त्याने सांगितलं. त्यावर त्या आणखी दोन पायऱ्या चढल्या. मग म्हणाल्या, "हट्टी मला म्हणायची? का तुम्हाला?"

"दोघांनाही. आळीपाळीने."

रात्रभर टाकी गुरगुरत होती. तिच्या वरताण सासूबाई.

सकाळी धक्क्यावरच्या खिडकीत तिकीटवाल्याने तीन बेटांचा दर सांगितला. सासूबाईंनी चेहरा केला आणि निघाल्या.

"आजी, इथे दर ठरलेला असतो!" तिकीटवाला म्हणाला.

"असू दे," सुतार म्हणाला. "बाई चांगली आहे, हट्टी आहे फक्त. दोघांचं काढा. तिसऱ्या बेटापर्यंत."

तिकिटं हातात पडली तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला. सुताराने हाक मारली. धक्क्यावर भरपूर गलका होता आणि सासूबाई मान ताठ करून नेमक्या उलट दिशेला, पार समोरच्या रस्त्यापर्यंत पोचल्या होत्या. वळून बघायचं नसतं.

शेवटी दोन्ही पिशव्या सावरत तो त्यांच्यामागे पळत सुटला.