आनंदरावांचा बारावा फोटो

मित्रांनो, तुमचा विश्वास बसणार नाही, पण ज्याच्यासमोर वाघ मान ताठ करून उभा राहिला, असा अख्ख्या नागपुरात मी एकटाच! मी एक जुना, दोन डोळ्यांचा कॅमेरा आहे. एक डोळा बघायचा, दुसरा टिपायचा. आज नंदनवन वस्तीतल्या घरात कपाटावर पडून असतो. पण अडुसष्ट साली बर्डीवरच्या दुकानात काचेमागे मिरवत होतो.

आनंदराव रामदासपेठेतल्या कचेरीत नकाशे काढत. रानातली जनावरं टिपायला कॅमेरा हवा म्हणून ते आले. माझ्या शेजारी लांब नळीचा, चकचकीत कॅमेरा होता. आनंदरावांनी डोळे मिटले आणि दोघांचीही कळ कानाशी धरून दाबली. तो खाडकन वाजला. मी नुसता टक्!

"ह्याच्यानं हरीण बुजत नाही," ते म्हणाले. शिवाय माझ्यात वरून, मान खाली घालून बघतात. जनावराला वाटतं, माणूस नमस्कार करतोय!

कचेरीतले महादेवराव हसले. "ह्या डब्यानं वाघ काढतो काय गा?"

"नाही काढला तर डबा तुले देऊन टाकतो!" आनंदराव बोलून गेले आणि माझा जीव टांगणीला लागला.

उन्हाळ्यात आम्ही पेंचच्या रानात पाणवठ्याशी बसलो. सोबत शिदोरी घेऊन त्यांच्या पत्नी सुभद्राबाई. रोलात फोटो बाराच. सहा चितळांवर गेले, पाच वानरांवर.

"शेवटचा वाघासाठी ठेवा जी," सुभद्राबाई कुजबुजल्या.

आणि वाघ आला! माझ्या काचेत बघून त्याने मिशा सारख्या केल्या, जरा तिरपा उभा राहिला. टक्! तोच बारावा फोटो.

आनंदराव गेले, त्याला दोन उन्हाळे झाले. मित्रांनो, ज्याने वाघ आणला, त्याला असं धुळीत ठेवतात का? निदान कापड तरी फिरवा...

"खोटं नको बोलू गा!" हातात फडकं घेऊन सुभद्राबाईच आल्या. "बारावा फोटो माहा हाय! तो काय भिंतीवर. वानरानं भाकर पळवली, मी हासली, अन् यायनं कळ दाबली. वाघ आला तवा रोल संपला होता. मंग हे तुले घेऊन गेले महादेवभाऊजीकडे, देऊन टाकाले. त्यायनं माहा फोटो पाह्यला अन् म्हणाले, 'याच्याहून मोठा वाघ कोणता पाह्यजे? ठेव गा तुहा डबा!'"