लिफ्टवाल्याची बायको

वहिनींच्या 'ह्यां'ना एक खोड होती. कुठलाही सिनेमा इमारतीतल्या लोकांना दाखवायचा म्हटला, की ते आधी घरी बसून त्याचे दोन तुकडे करायचे. मध्ये चहा झालाच पाहिजे, आणि तो कुठे द्यायचा हे सिनेमा बनवणाऱ्यावर सोडण्याइतका त्यांचा कोणावर विश्वास नव्हता. "त्यांना काय, ते कुठेही थांबतात. चहा संपवून माणसाने वर बघितलं, की त्याला परत बसावंसं वाटलं पाहिजे," असं म्हणायचे. त्यासाठी ते शेवट आधी बघायचे आणि तिथून मागे मागे येत जागा शोधायचे. म्हणजे शेवटचा तुकडा आधी कापून ठेवायचा, सुरुवातीचा नंतर. कॉम्प्युटरवर दोन्ही एकाच नावाने, एकाखाली एक. पहिला कुठला आणि दुसरा कुठला हे ठाऊक फक्त त्यांना. आणि शुक्रवारी संध्याकाळी दोघं मिळून आख्खा सिनेमा बघून घ्यायचे, म्हणून वहिनींनाही.

हे वारल्यावर वहिनींनी दर शनिवारचा सिनेमा चालू ठेवला. तळमजल्याच्या हॉलमधला पडदा तोच, खुर्च्या त्याच, चहाचं पातेलंही तेच. माणसं मात्र गळत गेली. सुरुवातीला लोक सांत्वनाला आल्यासारखे यायचे, पण सांत्वन तरी माणूस किती शनिवार करणार? शेवटी उरले तिघं. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक, ज्यांना सगळे 'सर' म्हणत. समोरच्या घरातली दातांची डॉक्टरीणबाई, जी अर्धा सिनेमा स्वतःच्या फोनमध्ये बघत असे. आणि पहिल्या मजल्यावरचे शिंपीदादा, दुकान बंद करून थेट येणारे, गळ्यातली टेप तशीच. सिनेमा संपला की तिघंही "छान होता" म्हणायचे आणि चपला शोधायला लागायचे. ती तीन 'छान होता' सोडली, तर आठवडाभर वहिनींशी बोलणारे म्हणजे दूधवाला आणि चुकून लागलेले फोन.

त्यात सेक्रेटरींनी जिन्यात गाठलं. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पण तीन डोक्यांसाठी आख्खा हॉल अडतो. टेबल टेनिसवाले मागे लागलेत. या महिन्यात बघू काय होतंय, नाहीतर…"

"नाहीतर चेंडू टपटपू दे," वहिनी म्हणाल्या. पण घरी जाऊन बराच वेळ दिवा न लावता बसल्या.

ह्यांनी कापून ठेवलेल्यातला एकच सिनेमा उरला होता. विज्ञानाचा म्हणे, पण विनोदी. दोघांनी बघायचा राहूनच गेलेला. शुक्रवारी वहिनी एकट्या बघायला बसल्या. शेजारच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे रचून ठेवलेले दिसले, आणि त्यांनी कॉम्प्युटर मिटला. उद्या सगळ्यांबरोबर बघू. वरचा तुकडा पहिला असणार, त्यात काय विचार करायचा?

शनिवारी पडद्यावर एकदम एक लिफ्ट, लिफ्टमध्ये पिकल्या केसांचा एक माणूस आणि त्याच्या काखेत कोंबडी. हा कोण, कोंबडी कुणाची, काहीच सांगायची पद्धत नाही. हळूहळू कळलं ते इतकंच, की हा लिफ्ट दुरुस्त करणारा आहे आणि याची लिफ्ट मजल्यांऐवजी वर्षांमध्ये वरखाली करते. शिंपीदादा दोनदा हसले, डॉक्टरीणबाईंनी फोन पालथा ठेवला. शेवटी लिफ्टवाला घरच्या दारात उतरला. बायको म्हणाली, "आलात? पाय पुसा." मग दोघं नाचले, कोंबडीही नाचली, आणि पडद्यावर खालून वर नावं सरकू लागली.

नावं बघून वहिनींच्या लक्षात आलं, वरचा तुकडा दुसरा होता. शेवट तर होऊन गेला! त्यांनी झटकन दिवे लावले. "चहा," त्या म्हणाल्या. दुसरं काही सुचलंच नाही.

चहा झाल्यावर करतात काय, लावला दुसरा तुकडा. त्यात सिनेमाचं नाव आलं, काळ्या केसांचा लिफ्टवाला आला, पिल्लाएवढी कोंबडी आली. "मध्येच नाव! काय डोकं आहे," सर अंधारात पुटपुटले. तुकडा संपला तो असा: लिफ्टचं दार बंद झालं, आणि त्याची बायको बाहेर उभी. हातात त्याचा विसरलेला डबा. वरचा आकडा बदलत चाललेला, बदलत चाललेला, आणि मग काळोख.

दिवे लागले तरी कोणी चपला शोधेना.

"तो आलाच नाही," सर म्हणाले. "आधी दाखवलं ते सगळं तिच्या मनातलं. ही बाई अजून तिथेच उभी आहे."

"असं कसं, सर?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाय पुसून आत आला की तो. आपण बघितलं ना डोळ्यांनी."

"मग शेवटी तिला दारात का उभी केली?"

"वेळ मागेपुढे होते ना त्या लिफ्टमध्ये. ती आधी उभी होती, तो नंतर आला. दाखवलं उलटं, एवढंच."

"बाई, तुम्ही दात बघा. कला आमच्याकडे राहू द्या."

"बरं, तुमची कवळी कोण बसवतं ते आठवतंय ना?"

शिंपीदादांचं तिसरंच. "मी म्हणतो ती उभी राहिलीच का? जिना नव्हता? डबा घेऊन चढायचं की. आणि यात विनोदी काय होतं? तिकीट असतं तर मी पैसे परत मागितले असते."

खुर्च्या ओढून तिघं समोरासमोर बसले. उरलेला चहा परत गरम झाला. वहिनी पातेल्यापाशी उभ्या राहून ऐकत होत्या. चूक सांगायला त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. किती दिवसांनी या हॉलमध्ये कोणी कोणाचं बोलणं तोडत होतं.

"वहिनी, तुम्ही सांगा," सर एकदम वळून म्हणाले. "आला की नाही आला?"

या वर्षभरात त्यांना कोणी काही विचारलं असेल तर गॅस बंद केलात का, एवढंच. "मी… मी चहाकडे बघत होते," वहिनी म्हणाल्या.

पुढचा आठवडा इमारतीत तोच विषय. सरांनी जिन्यात दोघांना पकडून समजावलं. डॉक्टरीणबाई खुर्चीत आ वासून बसलेल्या पेशंटांना गोष्ट सांगायच्या आणि मत विचारायच्या. पेशंट काय बोलणार, सगळी मतं बाईंच्याच बाजूची. ज्यांनी सिनेमा बघितला नव्हता तेही भांडू लागले. वहिनींच्या दाराची घंटा तीनदा वाजली. "परत लावा ना शनिवारी." सेक्रेटरीही म्हणाले, "मीसुद्धा येतो, बघू काय भानगड आहे."

शुक्रवारी वहिनींनी खुर्चीवरचे कपडे कपाटात ठेवले आणि सिनेमा सरळ क्रमाने बघितला. अगदी साधा निघाला. लिफ्टवाला जातो, भरकटतो, म्हातारा होऊन परत येतो. कोंबडी मोठी होते. कोड्यात टाकेल असं त्यात काही नव्हतं. डब्याच्या जागी आल्यावर मात्र वहिनींना कळलं, ह्यांनी चहा इथे ठेवला होता. बाई दारात उभी असताना. लोक कप टाकून परत येतील, ती का थांबलीय ते बघायला. आणि मग तो येतोच.

शनिवारी हॉलमध्ये जागा नव्हती. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला ओढून आणलं होतं, शिंपीदादांबरोबर त्यांची बायको होती, मागे काही लोक भिंतीला टेकून उभे. वहिनींनी माउसवर हात ठेवला. वरचा तुकडा आधी लावला की झालं. कोणाला कळणार नव्हतं. वर्षभर भांडत बसले असते, शनिवार भरलेला राहिला असता, सेक्रेटरींच्या तोंडून टेबल टेनिस निघालं नसतं. नुसतं एक बोट हलवायचं होतं.

पण मग शेवटी ती परत तिथेच उभी राहणार. डबा घेऊन. त्यापुढे कितीही शनिवार आले तरी.

वहिनींनी खालचा तुकडा आधी लावला.

लोक हसायच्या जागी हसले. चहाला सगळे "पुढे काय, पुढे काय" करत होते आणि कप टाकून पटापट परत बसले. शेवटी लिफ्टवाला उतरला, बायको म्हणाली, "आलात? पाय पुसा," आणि हॉलभर हशा झाला. वहिनीही हसल्या. अंधार होता म्हणून बरं.

"आला की हो," मागून कोणीतरी म्हणालं.

"मी काय सांगत होते?" डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला कोपर मारलं आणि पर्स उचलली.

सर उठले ते ताठ मानेने. "अशा सिनेमांच्या दोन आवृत्त्या असतात," ते वहिनींना म्हणाले. "मागची दिग्दर्शकाची होती. ही लोकांसाठी केलेली." वहिनी "हो का," म्हणाल्या. सर चपला शोधायला लागले. त्यांना विचारणारं कोणी उरलं नव्हतं.

छान होता, छान होता करत हॉल बघता बघता रिकामा झाला. बोलायचं काही राहिलंच नव्हतं. सेक्रेटरी जाता जाता म्हणाले, "एवढंच होतं होय? मला वाटलं काहीतरी अवघड असेल."

शिंपीदादा तेवढे रेंगाळले. बायको बाहेर शेजारणीशी बोलत होती.

"वहिनी, मागच्या वेळचाच बरा होता."

"पैसे परत मागणार होतात ना तुम्ही?"

"ते खरं. पण घरी जाऊन हिला गोष्ट सांगितली. ही म्हणते आला असणार, मी म्हणतो नाही. जेवताना भांडलो आम्ही. आमच्याकडे जेवताना आवाज असा नसतोच हल्ली." त्यांनी टेप बोटाला गुंडाळली. "कालपर्यंत चाललं होतं. आज ही म्हणाली, बघ, आला. संपलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? आला ना."

वहिनींना वाटलं आता सांगावं. सांगितलंही. "मागच्या वेळी माझ्याकडून उलटा लागला होता, दादा."

शिंपीदादांनी थोडा विचार केला. "मग पुढच्या शनिवारीही लावा काहीतरी उलटं."

"ह्यांनी कापलेला हा शेवटचा. आता काही नाही माझ्याकडे."

"तुम्ही कापा की."

"मला कुठे येतं?"

"मला तरी कुठे येत होतं? पहिली विजार कापली ती एका पायाला आखूड. गिऱ्हाईक आयुष्यभर लक्षात ठेवून होतं." बाहेरून बायकोची हाक आली. "आलो, आलो. बघू, वहिनी, जमलं तर येतो."

ते गेले. जिन्यात दोघांची पावलं ऐकू आली, बोलणं नाही आलं.

वहिनींनी कप गोळा केले. बहुतेकांत चहा अर्धा राहिला होता. पडद्यावरची नावं कधीच संपली होती, पण प्रोजेक्टर तापला की त्याचा पंखा सिनेमा बंद केल्यावरही बराच वेळ चालत राहतो. कोणीतरी शेजारच्या खोलीत वावरतंय असा आवाज येतो त्याचा. वायर काढायला वाकलेल्या वहिनी तशाच सरळ झाल्या आणि खुर्ची ओढून, पंखा आपल्या आपण थांबेपर्यंत, त्याच्याजवळ बसून राहिल्या.