रिकामा रकाना

"शून्य लिहा, बाई. दहा वाजून गेले," साहेब म्हणाले.

मी पेन खाली ठेवलं. "नाही लिहिणार."

माझं काम तसं साधं होतं. शेजारच्या तीन देशांतल्या सीमेलगतच्या दवाखान्यांना रोज सकाळी फोन लावायचा, तापाचे रुग्ण विचारायचे आणि तक्ता राजधानीला पाठवायचा. दहापर्यंत आकडा आला नाही तर शून्य धरायचं, ही आमच्या ऑफिसची जुनी रीत. एकवीस वर्षं मीही निमूटपणे ती पाळली. त्याची लाज मला आजही वाटते.

नदीपलीकडच्या दवाखान्याचा आकडा मंगळवारी नऊ होता, बुधवारी एकतीस. मग दोन दिवस कुणी फोनच उचलला नाही आणि मीच दोन शून्यं काढली. तक्त्यात साथ संपली! त्यावरून पुलावरची तपासणी उठवायचा हुकूम त्या घडीला टाइप होत होता.

"फोन उचलला नाही म्हणजे घरात कुणी आजारी नाही, असं कुठं असतं, साहेब?"

"रकाना आकड्यांचा आहे. तुमच्या शंकांचा नाही."

टायपिस्ट कानाशी पुटपुटली, "ताई, पेन्शनला दोन वर्षं राहिलीत. काढ की एक गोल. बांगडीएवढा काढ, लांबून दिसेल त्यांना."

मी पुन्हा नंबर फिरवला. अकराव्या खेपेला एका सिस्टरने उचलला. तिकडची भाषा मला आईमुळे येत होती.

"आकडा?" ती दमून हसली. "मोजणारा कारकून परवा गेला. डॉक्टर पडून आहेत. कुठून मोजू, सांगा."

"खाटांवरचे तेवढे सांगा, बाई."

ती मोजायला गेली. मी पलीकडचे खोकले ऐकत राहिले.

"एकशे चौदा. जमिनीवरचे सोडून."

"लेखी कुठाय?" साहेब ओरडले. "सही कुणाची?"

"माझी."

मी एकशे चौदा लिहिले. आधीची दोन्ही शून्यं खोडून 'माहिती नाही' लिहिलं आणि तिन्ही ठिकाणी सही केली.

"परिणाम माहीत आहेत ना?"

"आहेत. शून्याचेही आहेत."

टायपिस्टने यंत्रातला हुकूम ओढून चुरगळला. "शाई फुटली, साहेब," ती म्हणाली.

पुलावरची तपासणी राहिली. सिस्टरने पुढचे चार दिवस आकडा दिला. पाचव्या दिवशी वेगळ्याच मुलीचा आवाज आला. "दोनशे सहा," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "सिस्टर धरून."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब माझ्या टेबलाशी आले. हातात माझ्या बदलीचा कागद होता, तळघरातल्या जुन्या फायलींकडे. तोंडावर मास्क होता.

"थांबा जरा, साहेब," मी म्हणाले. "अजून दोन दवाखाने राहिलेत."

आणि मी नंबर फिरवायला घेतला. ते उभे राहिले.