बाकाचे विषय

मी बाक बोलतोय. उभ्याने ऐकू नका, आधी बसा. माझ्यावर बसायला निवडून यावं लागत नाही. बूड टेकवायला जागा आहे, बास.

मला खोलीबाहेर फेकायचं ठरलं होतं. ठरवणारे टेबलाभोवती बसले होते आणि मी त्यांच्या पाठीमागे, भिंतीला लागून. माझ्यादेखत ठरवत होते. अरे, निदान आवाज तरी खाली करा. पण शिकलेल्या माणसांना वाटतं, लाकडाला काय कळतंय. म्हणून आज तोंड उघडतोय. गोड बोलायला मला कोणी शिकवलं नाही, आधीच सांगून ठेवतो.

चर्चच्या मागे एक खोली आहे. नवं चर्च बांधत होते तेव्हा तिथे सुताराचा कारखाना होता. जुन्या चर्चच्या छपराच्या तुळया उतरवल्या, त्यांतून त्याने मला घडवलं. लांबलचक, उंच पाठीचा, दोन्ही टोकांना हात असलेला. त्या वेळी खोलीला दार नव्हतं, नुसतं भगदाड होतं. मी पुरा झालो आणि मग त्याने दाराची चौकट बसवली. चौकट अरुंद, बाहेर बोळ, बोळापलीकडे लगेच भिंत. त्याची बायको डबा घेऊन आली. तिने मला बघितलं, दार बघितलं.

"अहो, आता हा बाहेर कसा न्यायचा?"

"न्यायचाच कशाला?" तो म्हणाला, आणि माझ्यावरच जेवायला बसला.

तर मी या खोलीत दारातून आलेलोच नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

पुढे त्या खोलीत मंडळाच्या सभा भरायला लागल्या. पूर्ण नाव धर्मग्राम सल्लागार मंडळ. धर्मग्राम म्हणजे एका चर्चखालची सगळी वस्ती. प्रत्येक विभागातून एक बाई, एक बाप्या निवडून येतो. गायनवाल्यांचा एक, धर्मशिक्षण देणारी सिस्टर, महिला मंडळाची एक बाई. दोन-चार जण फादर स्वतः घेतात, कारण काही कामाची माणसं निवडणुकीला उभीच राहत नाहीत. अध्यक्ष फादरच. त्यांच्या हाताखाली उपाध्यक्ष, आणि लिहायला सेक्रेटरी. तीन वर्षं झाली की सगळे बदलतात. बदलतात म्हणजे खुर्च्या बदलून तेच बसतात.

सभेची रीत ठरलेली. आधी प्रार्थना, मग मागच्या सभेचा अहवाल, मग एकेक विषय. फादर सगळ्यांचं ऐकतात आणि शेवटी ठरवतात. मंडळ फक्त सल्ला देतं. नावातच आहे. पण हे माणसांना पचत नाही. सल्ला ऐकला की म्हणतात फादर देवमाणूस, आणि नाही ऐकला की अंगणात जाऊन म्हणतात, आपल्याला विचारतंय कोण. मी इतकी वर्षं ऐकतोय. 'थोडक्यात सांगतो' म्हणणारा कधी थोडक्यात सांगत नाही. 'माझा विरोध नाही, पण' म्हणणाऱ्याचा विरोधच असतो. आणि जो आत एक शब्द काढत नाही, त्याची खरी सभा बाहेर झाडाखाली भरते.

माझ्यावर कोण बसायचं? जे मंडळात नाहीत ते. कोणीही यावं, बसावं, ऐकावं. तोंड मात्र उघडायचं नाही. ऐकायचा बाक, म्हणायचे मला.

मग एकदा गंमत झाली. तेव्हाचा सेक्रेटरी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. सभेच्या विषयपत्रिका तोच छापून आणायचा. शेवटचा विषय नेहमी 'बाकीचे विषय'. त्या खेपेला घाईत त्याने वेलांटीऐवजी काना लावला आणि छापून आलं, 'बाकाचे विषय'.

सगळे हसले. सेक्रेटरीचा चेहरा पडला. म्हातारे फादर होते तेव्हा, अंगाने आडवे आणि मनाने मोकळे. त्यांनी चष्मा पुसला, कागद परत वाचला.

"छापलंय ना? मग बाकाला विचारलं पाहिजे." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बोला, बाक."

माझ्यावर वेदीची फुलं लावणारी आजी बसली होती. तिने इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाली, "फादर, डाव्या बाजूचा कर्णा कधीचा बंद आहे. आम्ही तुमचं प्रवचन अंदाजाने ऐकतो."

"आणि माना डोलावता त्या?"

"त्यासुद्धा अंदाजाने."

फादर असे हसले की टेबल हाललं. कर्णा दुरुस्त झाला. आणि तेव्हापासून शेवटचा विषय 'बाकाचे विषय' असाच छापायला लागले, मुद्दाम. त्या वेळी माझ्यावर बसलेल्या कोणीही बोलावं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी निव्वळ बसण्यापुरता नाही.

म्हातारे फादर गेले. नवे आले, तरुण, नाकासमोर चालणारे, कोणालाही दुखवायचं नाही म्हणून सगळ्यांनाच अर्धं 'हो' म्हणणारे. आणि उपाध्यक्ष झाले वेलांटी सर. शाळेतून निवृत्त झालेले. खरं नाव कोणाच्या लक्षात नाही. लग्नाची पत्रिका हातात दिली तरी आधी लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ नीट करतात आणि मग नवरा कोण ते बघतात. माणूस वाईट नाही. कामाला वाघ आहे. पण चूक दिसली की त्याला झोप येत नाही, आणि त्याच्या डोळ्यांत मी सगळ्यात मोठी चूक.

पहिल्याच सभेत त्याने विषयपत्रिका वर धरली. "ही छपाईची चूक आहे. आपण चूक चालवतोय. बाकीचे विषय, वेलांटी. ते सदस्यांनी मांडायचे. ज्याला बोलायचंय त्याने निवडून यावं."

फादरांनी अर्धं 'हो' म्हटलं. माझी बोलती बंद झाली. लोक आले, बसले, उठून गेले. मग येईनासे झाले. माझ्यावर गायनवाल्यांची पुस्तकं आणि कोणाच्या तरी ओल्या छत्र्या. माझं टाळकं असं सरकायचं, काय सांगू. एकदा तर सर छत्री ठेवायला वाकले तेव्हा मी मुद्दाम लाकडाची एक चीप वर काढली. लागली नाही, पण बाही अडकली.

आता मुद्द्यावर येतो. चर्चला पुढून मोठ्या पायऱ्या आहेत. बाजूला एक लहान फाटक आहे आणि तिथून आत यायला सिमेंटचा उतार. त्या फाटकातून मोटारसायकलवाले अंगणातून आरपार जायचे, जवळचा रस्ता म्हणून. एकाने धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या मुलीला धडक दिली. पाय मोडला पोरीचा. सरांनी विषय आणला, फाटक काढायचं, भिंत घालायची. बरोबरच होतं त्यांचं एका परीने. पोरीचा पाय काही खोटा नव्हता.

पण त्या फाटकातून आणखी एक जण यायचं. कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान चालवणारी बाई, चाकाच्या खुर्चीत नवऱ्याला ढकलत. नवरा बसमध्ये कंडक्टर होता. झटका आला, अर्धं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. एवढंच राहिलं, "पुढे सरका." भूक लागली, पुढे सरका. लघवीला लागली, पुढे सरका. मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, सगळे आमेन म्हणतात तेव्हाही त्याचं तेच. त्याची बायको म्हणते, देवाला बरोबर कळतं. आठवडाभर तो त्या दुकानामागच्या खोलीत भिंतीकडे बघत असतो. रविवारचा तो एक तास तो माणसांत येतो. भिंत झाली की तोही गेला.

तिला कोणीतरी सांगितलं, सभेत जा, बाकावर बस, बाकाला बोलता येतं. तिला काय माहीत की आता येत नाही.

त्या रविवारी मिस्सेनंतर सभा होती. मागच्या सभेत माझ्यादेखत ठरलेलंच होतं; मंडळ जमताच सरांनी फर्मान काढलं, "आधी हा बाक बाहेर काढा. इथे कपाट येणार आहे." गायनमास्तर आणि वायरमन, मंडळातलेच दोघे, पुढे झाले. गायनमास्तर पोटाने भारी, वायरमन काडीसारखा. एकाने हे टोक धरलं, एकाने ते.

"उचल."

"मी उचललाय. तुमचं पोट बाजूला करा."

"पोटावर जाऊ नकोस हं."

"पोटच माझ्यावर येतंय, मास्तर."

मी दारापर्यंत गेलो. सुताराची आठवण आली. माझं पुढचं टोक बोळात गेलं आणि समोरच्या भिंतीवर दाणकन आपटलं. मागचा हात चौकटीत शिरला आणि मी तो तिथेच रोवला. हो, रोवला. लाकूड फुगतं, अडकतं, काय वाट्टेल ते म्हणा. मी ठरवलं होतं, जाणार नाही. त्यांनी ओढलं, ढकललं, सरांनी सूचना दिल्या. मी हललो नाही. अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि दार बंद. सगळं मंडळ आत कोंडलेलं. गायनमास्तरांनी माझ्यावरून चढून जायचा प्रयत्न केला, तेही अडकले. त्यांना परत आत ओढून घ्यावं लागलं.

"असू दे," सर म्हणाले. "सभा सुरू करू. नंतर करवत आणू."

करवत. ऐकलंत ना.

प्रार्थना झाली. अहवाल झाला. फाटकाचा विषय निघाला आणि तेवढ्यात बोळातून चाकांचा आवाज आला. इस्त्रीवाली आली. तिने बघितलं, बाक आहे, आणि माझं जे टोक बाहेर होतं त्यावर बसली. नवऱ्याची खुर्ची शेजारी लावली. पदराने कपाळ पुसलं.

"बाकावर बसलं की बोलता येतं ना? मला फाटकाचं बोलायचंय."

"बाई, सभेत फक्त सदस्य बोलतात," सर म्हणाले.

"मी सभेत कुठे आहे? मी बाहेर बोळात बसलेय. बोळात बोलायला कोणाला विचारायचं?"

वायरमनला हसू आलं. त्याने खोकला काढला.

सर उठून दारापर्यंत आले. आवाज चढवला नाही, ते चढवत नाहीत. "ताई, एका मुलीचा पाय मोडला. उद्या दुसऱ्या कोणाचा मोडेल. यांना पुढच्या पायऱ्यांवरून आपली तरुण मंडळी उचलून आणतील. मी स्वतः सांगतो त्यांना."

"उचललं होतं हो, सर. मागच्या वर्षी. चौघांनी उचललं, फोटो काढला. पुढच्या रविवारी मी पायऱ्यांखाली मिस्सा संपेपर्यंत उभी. कोणी आलं नाही. माझा नवरा काय मूर्ती आहे, सणापुरता खांद्यावर घ्यायला?"

टेबलाभोवती जे नेहमी थोडक्यात सांगतात ते विषयपत्रिका वाचायला लागले.

"मोटारसायकलवाल्यांना अडवा," ती म्हणाली. "ते धडक देतात. यांचं चाक मुंगीला घाबरून चालतं. अडवायला सोपं कोण, ते बघून भिंत घालू नका."

"नियमाप्रमाणे..." सरांनी सुरुवात केली.

"पुढे सरका," कंडक्टर म्हणाला. मोठ्याने, स्पष्ट, भरलेल्या बसमध्ये म्हणतात तसं.

आणि खरं सांगतो, सर एक पाऊल मागे सरकले. सवयच ती, माणसाच्या अंगात बसलेली. हशा पिकला. इस्त्रीवालीही हसली, मग डोळे पुसायला लागली.

फादर मात्र हसले नव्हते. ते उठले आणि माझ्या आतल्या टोकावर येऊन बसले. पहिल्यांदाच. एका टोकाला ते, एका टोकाला ती, मध्ये चौकट. "सर, तुम्ही दर वेळी सांगता, हे मंडळ सल्लागार आहे."

"आहेच."

"मग तुमचा सल्ला मी ऐकला. मुलीचा पायही मी विसरणार नाही. पण भिंत होणार नाही. आठवडाभर फाटकाला कुलूप. रविवारी मिस्सेच्या वेळी ते उघडायचं आणि मंडळातला एक जण तिथे उभा राहील. पाळीपाळीने. मीसुद्धा." मग टेबलाकडे वळून म्हणाले, "पहिली पाळी कोणाची?"

एवढा अख्खा 'हो' त्या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

सर चौकटीला धरून उभे होते. "माझी," म्हणाले. "पण शिट्टी लागेल."

मला आत घ्यायला शेवटी एक हात काढावा लागला. वायरमनने स्क्रू सोडवले, परत लावतो म्हणाला. अजून लावतोच आहे. असो. मी एका हाताचा बाक आहे आता. छत्र्या गेल्या, माणसं आली.

सर रविवारी फाटकावर शिट्टी घेऊन उभे राहतात. एका मोटारसायकलवाल्याला त्यांनी आधी अडवलं आणि मग त्याच्या नंबरप्लेटवरचं 'आईचा आशिर्वाद' दीर्घ करायला लावलं. परवा सेक्रेटरीबाईने नवी विषयपत्रिका त्यांच्यापुढे ठेवली. शेवटी लिहिलेलं, 'बाकाचे विषय'. लाल पेन तिथपर्यंत गेलं, थांबलं. मग वरच्या ओळीत एक अनुस्वार देऊन परत खिशात गेलं.

म्हणून मी त्यांना माफ केलं असं समजू नका. करवत मी विसरलेलो नाही. पुढच्या वर्षी मंडळ बदलेल, नवे येतील, कोणाला तरी परत कपाट हवं असेल. या. उचला. ओढा. हे दार माझ्यानंतर आलंय.

तोवर मी इथेच आहे. आणि तुम्ही, हो तुम्हीच, दाराशी चुळबुळत उभे आहात ते. आत या. बोलायचं असेल तर बोला, नसेल तर नुसते टेका. जागा नाही म्हणून कोणी सांगितलं तर ऐकू नका. कंडक्टर तिथेच आहे शेजारी, तो सांगेल त्यांना काय करायचं ते.