सुग्राबीचे फिनाइल आणि कंपनीची बाटली

सुग्राबीच्या फिनाइलला नाव नव्हते, आणि ते असावे असे अकरा वर्षांत कोणाला वाटलेही नव्हते. पुसदमधल्या ज्या ज्या घरांत ते जाई, तिथे ‘सुग्राबीचे’ एवढ्याच ओळखीवर जाई. आणि तिच्या मते मालाला याहून मोठी ओळख असू शकत नव्हती. घरामागच्या अंगणात निळे पिंप. त्यात आधी पाइनचे तेल, मग साबणाचा अर्क, मग धार न तोडता पाणी, आणि एकाच दिशेने अर्धा तास फिरणारी कडुनिंबाची काठी. दुधासारखा पांढरा रंग उतरला की काठी थांबे. कधी धार तुटून तेल वर तरंगले, तर ते अख्खे पिंप ती स्वतःच्या मोरीपुरता ठेवी. गिऱ्हाइकाच्या दारी त्यातला थेंबही जात नसे. ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती, कारण तिला ती सांगण्यासारखी वाटतच नव्हती.

म्हणूनच, लग्नसराईच्या ऐन तोंडावर मंगल कार्यालय चालवणाऱ्या इंद्रजीतने तिला बोलावून समोर कंपनीच्या फिनाइलची निळी, चकचकीत बाटली ठेवली, तेव्हा तिने ती उचलूनही पाहिली नाही.

“चाची, रागावू नका,” इंद्रजीत म्हणाला. “परवाच्या लग्नात पुण्याकडले पाहुणे होते. न्हाणीघरात तुमचा डबा पाहून म्हणतात, हे काय गोड्या तेलानं फरशी पुसतात काय इथं?”

“मंग तुम्ही काय म्हटलं?”

“मी काय म्हणन? हासलो.”

“डबा तेलाचाच आहे, भाऊ. आत गोडं तेल होतं काय?”

“तसं नाही. पण हे चौपट महाग आहे. महाग आहे म्हंजे त्यात काही तरी असनच ना.”

हा तर्क वरवर पाहता निर्दोष होता. महाग वस्तूत काही तरी असतेच. पण त्या ‘काही तरी’त बाटलीचा डौल असतो, तिच्यावर छापलेले फूल असते, टीव्हीवरच्या हसऱ्या सुनेची बिदागी असते आणि दूरच्या कारखान्यापासून पुसदपर्यंतचे गाडीभाडेही असते. फरशीला यातले काहीच पोचत नाही. सुग्राबीला हे अशा शब्दांत मांडता आले नसते. तिला एवढेच कळत होते की या कार्यालयातून तिचे डबे निघाले, तर महिन्याभरात गावभर बोलले जाईल की सुग्राबीचा माल उतरला. गिऱ्हाईक गेले तर दुसरे मिळते. उतरलेला माल पुन्हा चढत नाही.

“पुसून पाहा,” ती म्हणाली. “अर्धा हॉल यानं, अर्धा माह्यानं. माह्यं कमी पडलं तर डबे मीच उचलून नेईन. तुम्हाले सांगा लागणार नाही.”

दुसऱ्या दिवशी लग्न लागले, पंगती उठल्या, वऱ्हाड निघून गेले. फरशीवर वांग्याच्या भाजीची तर्री, बुंदीचा पाक आणि शेकडो पायांनी आणलेली काळी माती, असा तिहेरी थर मागे राहिला. पुसायला रुपीबाई होती. जवळच्या तांड्यावरून ती रोज येई, आणि इंद्रजीतही मूळचा तिथलाच असल्यामुळे तांड्याच्या रीतीने तिला याडी, म्हणजे आई, म्हणे. तिने दोन बादल्या भरल्या, स्टीलचा एक पेला या बादलीत ओतला, एक त्या बादलीत, आणि दोन्हीकडे सारखाच जोर लावून पुसले. पंखे सोडले. फरशी वाळली.

निकाल पाहायला चष्म्याची गरज नव्हती. सुग्राबीची बाजू आरशासारखी निघाली होती. कंपनीच्या बाजूवर धुरकट पट्टे उमटले होते, आणि इंद्रजीत चालत गेला तसे त्याच्या पावलांचे ठसे मागे राहिले.

“घ्या,” रुपीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. “चौपट पैसा अन् चौपट चिकट.”

इंद्रजीत ओशाळला. सुग्राबीची मान ताठ झाली, आणि ती व्हावी यात वावगे काही नव्हते. तिने चपला काढल्या आणि आपल्या बाजूवरून, आपल्याच अंगणात चालावे तशी, चालत गेली. मग मधली रेघ ओलांडून कंपनीच्या बाजूवर पाय ठेवला. तळवा फरशीला किंचित चिकटला आणि सुटला. तिने दुसरा पाय टेकला. तोही चिकटला, सुटला.

हा चिकटपणा तिच्या ओळखीचा होता. धंद्याच्या पहिल्या वर्षी, जास्त घातले की जास्त स्वच्छ होते अशा समजुतीने तिने अर्क दुप्पट घातला होता, आणि एका मास्तरीणबाईंच्या घरात हीच फरशी, हेच ठसे तिने खाली मान घालून पाहिले होते. हा खोट्या मालाचा चिकटपणा नव्हे. हा चुकलेल्या मापाचा चिकटपणा. हॉलमधल्या तिघांपैकी हे फक्त तिला कळत होते. ती गप्प राहिली असती, तर कार्यालय तिचे होते, आणि कोणी तिला खोटी म्हणाले नसते.

“रुपीबाई, बाटलीतलं किती टाकलं तू?”

“तुह्यं टाकतो तेवढंच. एक पेला.”

“ते घट्ट असन. त्याले एवढं नाही लागत. भाऊ, वाचा बरं बाटलीवर काय लिहिलं.”

इंद्रजीतने बाटली उजेडाकडे फिरवली. मुंगीएवढ्या अक्षरांवर त्याची नजर बराच वेळ सरकत राहिली. “एका बादलीले दोन झाकणं,” तो म्हणाला.

रुपीबाईने कपाळावर हात मारला. “बाई, तू जिंकून राह्यली होती. कायले बोलली?”

“मी कुठं जिंकली? तुहा पेला जिंकला. जेवणाचा ओटा पुसाचा बाकी आहे ना? तिथं पुन्हा लाव. माह्यं माह्या मापानं, त्याचं त्याच्या मापानं. अन् भाऊ, तुम्ही ऑफिसात बसा. कोणती बाजू कोणाची, ते पाहू नका.”

ओटा वाळल्यावर इंद्रजीतला बोलावले. तो अनवाणी चालला, खाली बसला, पांढरा रुमाल दोन्हीकडे घासून त्याने उजेडात धरला. शेवटी वाकून त्याने वास घेतला.

“ही कंपनीची. फुलाचा वास येते.”

“वास सोडा. पायाले काय समजते?”

“पायाले काही फरक नाही समजत.”

“रुमालाले?”

“त्यालेही नाही.”

सुग्राबीला एवढे पुरले. चौपट किमतीच्या बाटलीने तिच्या डब्याची बरोबरी केली होती; हिशेब तिने असा लावला, आणि तो लावण्याचा तिला अधिकार होता.

इंद्रजीतलाही आता मन मोठे करावेसे वाटले. “चाची, माल तुमचाच चालू ठेवू. फक्त एक करू. ही बाटली रिकामी झाली की त्यात तुमचंच भरत जाऊ. पाहुण्यायले काय समजते?”

“नाही.”

“काहून? तुमचं काय जाते त्यात?”

“बाटलीवाल्याचा माल खोटा नाही, आताच पाह्यलं आपण. त्याच्या नावात माह्यं भरलं तर मी चोर. अन् पाहुण्यानं चांगलं म्हटलं, तर ते त्याले म्हणन. मले कोण म्हणन?” तिने चपला पायात सरकवल्या. “बाटलीच पाहिजे असन तर बाटलीतलं घ्या. चांगलं आहे ते, दोन झाकणं टाका. मी डबे नेतो.”

तिने खरोखरच न्हाणीघराकडे पावले वळवली. रुपीबाई इंद्रजीतकडे बघत राहिली, आणि ते बघणे त्याला फार वेळ सोसवले नाही.

“राहू द्या डबे,” तो म्हणाला. “पण त्यावर नाव तं लिहा, चाची. पुढच्या बारीले कोणी विचारलं तर मी हासणार नाही. वाचून दाखवीन.”

सुग्राबी चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकली होती. त्या दुपारी तिने लाल ऑइलपेंट आणि बारीक ब्रश मागवला, कार्यालयाचे सगळे डबे ओळीने उन्हात मांडले, आणि प्रत्येकावर ‘सुग्राबी, पुसद’ असे घोटून लिहिले. मग ती थोडी थबकली, आणि खाली आणखी एक ओळ लिहू लागली: एका बादलीला एक पेला, जास्त टाकू नये. ही ओळ तिने नावापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिली.